तिकडची माणसं

“बहिणीशी तुमचं पटतं का?” मेजर शिर्क्यांनी विचारलं.

सरकारी कचेरीत असा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. मी म्हणालो, “म्हणजे... बहीण आहे.”

“तसं नव्हे. भांडण, अबोला, असलं काही?”

“लहानपणी भांडायचो.”

“आणि नंतर? वडिलांच्या घराच्या वाटणीवरून वगैरे?”

“वडील रेल्वेत होते. जन्मभर क्वार्टरमध्ये राहिले. वाटायला घरच नव्हतं.”

शिर्के खुर्चीत मागे टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरची निराशा होती. सख्ख्या बहीणभावाचं हाडवैर निघालं असतं तर त्या दिवशी आम्हा दोघांचंही काम सोपं झालं असतं, हे मला फार उशिरा कळलं.

ही सत्त्याऐंशी सालची गोष्ट. मी पुण्याच्या एका संरक्षण प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होतो. प्रयोगशाळेचं नाव सांगत नाही; निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी ती सवय जात नाही. रडारची अँटेना वळवणारी एक यंत्रणा मी तयार केली होती. म्हणजे अनेकांनी मिळून केली होती, पण तिचा मूळ आराखडा माझा, पहिला नमुना माझ्या हातचा. तो नमुना सगळ्यांना इतका आवडला की त्यावर मोठा गुप्त प्रकल्प मंजूर झाला, आवारात त्यासाठी वेगळी इमारत उभी राहिली, दारावर बंदूकधारी पहारेकरी आला, आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाची सुरक्षा तपासणी सुरू झाली. बाकीच्यांची पटापट झाली. माझी अडकली.

कारण मी रूबेन पेझारकर. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. अलिबागजवळचं पेझारी हे आमचं गाव. पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणत. घरात मराठीच बोलायचो, भांडायचोही मराठीतच. पण माझी थोरली बहीण फ्लोरा लग्नानंतर नवऱ्याबरोबर इस्राएलला गेली होती, आमच्यातल्या हजारोंसारखी. त्या काळी त्या देशाशी आपल्या सरकारचे धड संबंध नव्हते. मुंबईत त्यांची एक छोटी कचेरी होती, दिल्लीत राजदूत नव्हता.

“मेहुणे काय करतात?” शिर्क्यांनी पुढचा कागद ओढला.

“बस चालवतात.”

“सरकारी?”

“नाही, सहकारी. तिथं बसवाल्यांची सहकारी संस्था असते.”

“सहकारी?” त्यांची लेखणी थांबली. “म्हणजे आपल्या साखर कारखान्यासारखी?”

“तशीच काहीशी.”

“मग राजकारणी माणसं असणार त्यात,” ते म्हणाले आणि काहीतरी लिहून घेतलं. शिर्के साताऱ्याकडचे होते. सहकाराचा त्यांचा अनुभव दांडगा असावा.

“भाचा?”

“एझ्रा. शाळेत आहे. तीन वर्षांचा असताना गेला इथून.”

“अठरा पूर्ण झाल्यावर?”

“लष्करात जाईल. तिथं सगळ्यांनाच जावं लागतं.”

हे मात्र त्यांनी बराच वेळ लिहिलं. मला राहवलं नाही. “साहेब, माझ्या इमानाबद्दल शंका आहे का?”

“अजिबात नाही.”

“मग कशाबद्दल आहे?”

“नात्याबद्दल.” त्यांनी लेखणीला टोपण लावलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. तसे असते तर मला बरं पडलं असतं. “हे बघा पेझारकर. उद्या तिकडे कोणी त्या पोराची मान धरली आणि तुम्हाला निरोप पाठवला, की आम्हाला अमुक कागद दे. तुम्ही काय कराल?”

“देणार नाही.”

“आज म्हणताय. मीही म्हणेन. पण तशी वेळ येईपर्यंत स्वतःलाही ठाऊक नसतं. आणि ते ठाऊक नसण्याचा हिशेब मला करावा लागतो.”

घरी जाईपर्यंत सायकलवर मी मनातल्या मनात त्यांना दहा उत्तरं दिली. एकही धड नव्हतं.

आमचे विभागप्रमुख डॉ. हर्डीकर यांचा माझ्यावर जीव होता. आठवड्याभरानं त्यांनी मला बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“मी दिल्लीत बोललोय. मार्ग आहे. तू एक निवेदन दे, की बहिणीशी तुझा कोणताही संबंध नाही, पत्रव्यवहार नाही आणि पुढेही ठेवणार नाहीस. बास. फाइल सुटेल.”

“पण सर, पत्रं येतात. आईच्या नावानं येतात, माझ्याच घरी येतात. पोस्टमनलाही माहीत आहे.”

“तू लिहितोस का?”

“आईच्या पत्राखाली चार ओळी लिहितो.”

“मग त्या चार ओळी लिहू नकोस!” ते एकदम चिडले. “अरे, पंधरा वर्षं पाहिलेली नाहीस तिला. या कामावर तू किती वर्षं घालवलीस? एका कागदासाठी हे सगळं सोडणार?”

त्यांनी मजकूर स्वतःच तयार करून ठेवला होता. मला नुसती सही करायची होती. तो कागद मी खिशात घालून घरी आणला. सही केली नाही आणि फाडलाही नाही. सगळ्यांत मूर्ख जो पर्याय होता, तो मी निवडला: तो कपाटात ठेवला आणि रोज त्याचा विचार करत राहिलो.

घरी आई आणि मी दोघंच. माझं लग्न झालेलं नव्हतं. आमच्यातल्या मुली एकेक करत तिकडे गेल्या होत्या, आणि तिकडची मुलगी करायची तर नोकरीच सोडावी लागली असती. त्या शुक्रवारी संध्याकाळी, आमचा शनिवार तेव्हाच सुरू होतो, आईनं दिवा लावला, मी मनुकांच्या सरबतावर प्रार्थना म्हटली, आणि जेवताना तिनं विचारलं, “झालं का तुझं ते तपासणीचं?”

“होतंय. फ्लोराताईच्या घरचं सगळं विचारलं. भाऊजींची बससुद्धा.”

“एझ्राचं काय विचारलं?”

“लष्करात जाणार का ते.”

आई ताटातल्या माशाचे काटे काढत होती. “तू काय सांगितलंस?”

“जाणार म्हटलं. तिथं सगळेच जातात.”

“हो,” ती म्हणाली. “सगळेच जातात.” आणि मग हर्डीकरांच्या कागदाबद्दल मी सांगितलं तेव्हा तिनं नुसतं एवढंच विचारलं, “सही न करता नाही का होणार?”

“आई, तेच तर चाललंय!”

मी ओरडलो होतो. त्या दिवसांत मी फार ओरडायचो.

पावसाळा संपला, दिवाळी झाली. फाइलीबद्दल विचारलं की “विचाराधीन आहे” असं उत्तर मिळायचं. मला नवीन इमारतीच्या दारापर्यंत जाता येई. पहारेकरी माझ्या ओळखीचा होता. तो मला नमस्कार करायचा आणि आडवाही उभा राहायचा. आत माझा स्वतःचा आराखडा होता आणि तो बघायची मला परवानगी नव्हती. माझ्याच अक्षरातले कागद कपाटातून काढून नेले तेव्हा त्यावर “गोपनीय” असा शिक्का मारून नेले.

मग एका रविवारी सकाळी उमराणी घरी आला. दिलीप उमराणी माझा सहकारी, सोलापूरचा. आम्ही एकाच वर्षी नोकरीला लागलो होतो. त्याला आत प्रवेश होता. आईनं चहा दिला. तो घेऊन तो खिडकीबाहेर बघत बसला.

“रूबेन,” तो म्हणाला, “एक पंखा आहे.”

“पंखा?”

“पंखा समज. गोल फिरणारा. इथं पुण्यात झकास फिरतो. पण थंड प्रदेशात नेला की एका ठिकाणी झटका खातो.”

मी त्याच्याकडे बघत राहिलो. त्याचे कान लाल झाले होते.

“दरवेळी त्याच ठिकाणी?”

“ते सांगता येणार नाही.”

“दिल्या, ते कळल्याशिवाय मी काय सांगू?”

“पंखा आहे रे! पंख्याबद्दल जेवढं सांगता येईल तेवढंच सांगतोय!” त्याचाही संयम सुटला. “तू आपला पंख्यावर बोल.”

मी पंख्यावर बोललो. गारठ्यात घट्ट होणारं वंगण बदललं आहे का, हे बघ म्हणालो. माझ्या नमुन्यात मी वेगळं वंगण वापरलं होतं. कोणीतरी भांडारात मिळेल ते घातलं असणार. उमराणीनं काहीच लिहून घेतलं नाही. जाताना दारात माझा दंड घट्ट दाबला.

महिन्याभरानं प्रयोगशाळेत पेढे वाटले. मलाही मिळाला. “कशाचे?” मी विचारलं. “चांगली बातमी आहे,” उमराणी म्हणाला आणि दुसरीकडे बघायला लागला. मी पेढा खाल्ला. आनंद झाला होता आणि तो कशाचा हे मला अधिकृतपणे माहीत नव्हतं. संताप तर इतका आला होता की पेढ्याची चवही लागली नाही. त्याच संध्याकाळी मी कपाटातला तो कागद काढून टेबलावर ठेवला. करून टाकू सही, म्हटलं. फ्लोराताईला काय कळणार आहे?

आई आतून आली. कागद पाहिला आणि समोर बसली.

“रूबेन, मी फ्लोराकडे जाते आहे.”

मला वाटलं, भेटायला. “आत्ता कसं जाशील? माझी फाइल...”

“कायमची जाते आहे. मुंबईला जाऊन त्यांच्या कचेरीत कागद देऊन आले. तू दौऱ्यावर होतास तेव्हा. मी गेले म्हणजे तिकडची पत्रं या घरी यायची बंद होतील. मग तुला सहीही करायला नको.”

मी आधी हसलोच असेन. मग डोक्यात काय चाललं ते सांगता येत नाही. “आई, अगं कळतंय का तुला? आत्ता माझी फक्त बहीण तिकडे आहे. तू गेलीस की आई पण तिकडे! संपलं मग! कोण देणार मला परवानगी?”

“मी म्हातारी बाई. मला कोण विचारतंय?”

“ते बसचीसुद्धा चौकशी करतात, आई!”

तिनं टेबलावरचा कागद सरळ केला. मला वाटलं, पटलं. मी बोलत राहिलो. तिला न विचारता काहीही करायची खोड आहे, वडीलही हेच म्हणायचे, इतक्या वर्षांच्या माझ्या कामाची तिला काही किंमत नाही. बरंच बोललो. सगळं झाल्यावर ती म्हणाली, “मला जायचं आहे, बाबा.”

एवढंच. कारण नाही, रडणं नाही. आईनं आमच्या घरात ‘मला हवं’ असं कधी म्हटलेलं मला आठवत नव्हतं. सुनेसाठी, भाजीसाठी, कशासाठीच नाही. पंधरा वर्षं तिनं मुलीचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्या नोकरीपायी पाहिलं नव्हतं, हे आम्ही दोघांनीही कधी बोलून दाखवलं नव्हतं.

तिला अडवता आलं असतं. मी नुसतं ‘नको जाऊस’ म्हटलं असतं तर ती राहिली असती. ते मला म्हणता आलं नाही. चिडलेलाच होतो, पण म्हणता आलं नाही.

नियमाप्रमाणे कळवायला हवं होतं. मी मेजर शिर्क्यांकडे गेलो.

“माझी आई इस्राएलला जाते आहे. कायमची.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “पेझारकर, तुम्ही मला काही मदत करणार आहात की नाही? तुमची फाइल मी वरपर्यंत नेली होती. एक कागद दिलात की झालं असतं.”

“हो साहेब.”

“थांबवता नाही येणार त्यांना? सहा महिने?”

“तिला मुलीकडे जायचं आहे.”

ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. “माझी आई तर साताऱ्याहून पुण्याला यायला तयार नाही,” ते म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता लिहायला लागले.

इतके महिने जी फाइल हलत नव्हती ती मग झटक्यात हलली. माझी बदली उपकरणं तपासण्याच्या विभागात झाली. काटे बरोबर दाखवतात का, वजनं बरोबर आहेत का, ते बघायचं. काम वाईट नव्हतं. पण तिथं एकदा गेलेला माणूस परत येत नसे, आणि मीही आलो नाही. प्रकल्पाला पुढे मोठं पारितोषिक मिळालं. हर्डीकरांनी भाषणात “ज्यांची नावं घेता येत नाहीत अशा सहकाऱ्यांचे” आभार मानले. मी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या.

आईला विमानतळावर सोडलं तेव्हा मी फार बोललो नाही. रागच होता. ‘तुला पत्रं येऊ नयेत म्हणून’ असं म्हणून निघालेली बाई तिकडून आठवड्याला एक पत्र पाठवायची. मी उत्तरं द्यायचो, आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण ती उत्तरं कोरडी असायची. तीन वर्षांनी ती तिकडेच वारली. परदेशी जाण्याच्या परवानगीसाठी मी त्याच दिवशी अर्ज केला. परवानगी मिळाली तेव्हा आमच्यातला सात दिवसांचा शोक कधीच संपून गेला होता. मी गेलो नाही. आई नसताना कशाला जाणार होतो?

नंतर दोन्ही देशांचे संबंध सुरळीत झाले, राजदूत आले, येणंजाणं सुरू झालं. चौऱ्याण्णव साली हिवाळ्यात दुपारच्या वेळी माझ्या दाराची कडी वाजली. दारात सहा फुटी, दाढीवाला, पाठीवर भली मोठी पिशवी घेतलेला तरुण उभा होता.

“मामा,” तो म्हणाला, “मी आले!”

मला क्षणभर काही उमजेना.

“मी एझ्रा. मुंबईवरून आले. फार दमले.”

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याचं मराठी आईकडून आणि आजीकडून आलेलं होतं. भाऊजी दिवसभर बसवर; पुरुषानं कसं बोलायचं, ते त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. मी हसत सुटलो आणि तोही हसला, कशाला ते न कळता. चहा फार गोड झाला तेव्हा तो “अगोबाई!” म्हणाला. हुबेहूब माझ्या आईसारखा. मला उठून आत जावं लागलं.

जेवण झाल्यावर मी विचारलं, “काय काम करतोस?”

“फ्रिज दुरुस्त करते.” मी चूक सुधारली. “करतो,” तो म्हणाला, आणि त्यानंतर सांभाळून बोलत राहिला. “मला वायरलेसचं काम पाहिजे होतं. लष्करात. परीक्षेत मी वरती होतो. पण त्यांनी घेतलं नाही.”

“का?”

त्यानं माझ्याकडे आश्चर्यानं पाहिलं. “तुला ठाऊक नाही?”

“नाही.”

“तुझ्यामुळे, मामा.”

मी हातातला पेला खाली ठेवला.

“मामा दुसऱ्या देशाच्या सरकारात, शस्त्रांच्या कामात. ते म्हणाले, कोणी मामाला त्रास दिला तर हा मुलगा काय करेल? आम्हाला सांगता येत नाही.” तो अगदी शांतपणे बोलत होता, त्याला आता सवय झाली असावी. “मी फार चिडलो होतो. घरात भांडण. आईशी बोलणं बंद. तुझा फोटो होता भिंतीवर, तो मी काढून टाकला. मग आईनं आजीला लिहिलं.”

“आजीला ठाऊक होतं?”

“म्हणून तर आली. आईला म्हणाली, रूबेनला यातलं काही कळवायचं नाही. त्याला कळलं तर तो नोकरी सोडेल.”

सोडली असती का मी? ठाऊक नाही. मेजर शिर्के म्हणाले होते तेच खरं. समोर बसलेल्या त्या दाढीवाल्या मुलाकडे बघताना मात्र मला आईचं ते माशाचे काटे काढणं आठवलं, ‘सगळेच जातात’ म्हणणं आठवलं, आणि मी इतकी वर्षं तिच्यावर काढलेला राग आता कुठं ठेवायचा ते कळेना.

“मग आजी येऊन काय झालं?”

“मला दुसऱ्यांदा बोलावलं होतं. अर्ज केला होता ना मी, परत विचार करा म्हणून. एक बाई होती, चांगली होती. पहिल्या वेळी तिनं विचारलं होतं, मामाशी तुझं काय नातं आहे? मी म्हटलं, काही नाही, मला तो आठवतसुद्धा नाही. ते खरं होतं. ती म्हणाली, हे चांगलं आहे, पुढच्या वेळी पण असंच सांग, मग बघू.”

“आणि पुढच्या वेळी?”

“तोपर्यंत आजी घरी राहायला आली होती ना.” त्यानं खांदे उडवले. “रोज रात्री माझ्या खोलीत बसायची. आधी मी तोंड फिरवून झोपायचो. ती तरी सांगायचीच. रूबेन असा, रूबेन तसा. मामा, मला मराठी तेव्हा नुसती कळायची, बोलायला तिनं शिकवली. मग त्या बाईनं परत विचारलं, मामा तुला आठवतो का?”

“मग?”

“मग काय,” एझ्रा म्हणाला. “आठवायला लागला होता.”

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. आईवर ओरडावं असं मला अगदी वाटलं, की अगं, गप्प बसली असतीस तर एकाचं तरी झालं असतं.

“काय काय सांगायची?” मी विचारलं.

“पुष्कळ. तू मलिद्याच्या गोड पोह्यांतलं खोबरं प्रार्थनेच्या आधीच चोरून खायचास म्हणे.”

“एकदाच खाल्लं होतं.”

“आजी म्हणाली, दरवेळी.”

“दरवेळी,” मी म्हटलं.